१००३ म्हणजे नक्की कोण?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी सिस्टिम ॲडमिन आहे. पदाचं नाव भारदस्त, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाक मलाच येते. आमच्याकडे ११ लिनक्स सर्व्हर आहेत. ईआरपीचा (ऑर्डर, माल, हिशेब असं सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर), त्याच्या डेटाबेसचा, डिझाइनच्या फायलींचा, बारकोडचा, बॅकअपचा, चिंचोळीच्या गोदामातला, आणि बाकीचे गरज पडेल तसे वाढत गेलेले. प्रत्येक सर्व्हरवर प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड. ही सगळी खाती एका जागी आणण्यात माझे सहा महिने गेले. तुम्हीही याच कामाला हात घालणार असाल, तर मी कुठे कुठे आपटलो ते आधीच माहीत असलेलं बरं.

सुरुवात झाली २० नोव्हेंबर २०२३ ला, सोमवारी. अमेरिकेतल्या खरेदीदाराकडून ऑडिट होतं. तिकडच्या सीमाशुल्क खात्याची सी-टीपॅट म्हणून सुरक्षायोजना आहे आणि मोठे खरेदीदार तिचे निकष लावून माल पुरवणाऱ्यांचे कारखाने तपासतात. कंटेनरचं सील, कुंपण, गेटवरचं रजिस्टर हे नेहमीचं झालं. पण आताच्या निकषांत सायबर सुरक्षेचा वेगळा भाग आहे. प्रत्येकाचं स्वतःचं खातं हवं, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा प्रवेश बंद झाला पाहिजे.

ऑडिटरनी एचआरच्या मॅडमकडून नोकरी सोडलेल्यांची यादी घेतली आणि एका नावावर बोट ठेवलं. डिस्पॅचचा मुलगा, २०२१ च्या दिवाळीनंतर गेलेला. "याचं खातं बंद आहे हे दाखवा." मी ईआरपीचा सर्व्हर उघडून दाखवला. बंद होतं. मला हायसं वाटलं. "आणि बाकीच्यांवर?" अकरापैकी सात सर्व्हरवर ते खातं जिवंत निघालं. त्यातल्या एकावर तर शेवटचं लॉगिन तीन आठवड्यांपूर्वीचं होतं. त्याच्या जागी आलेल्या मुलाला जाताना त्याने पासवर्ड सांगून ठेवला होता, इतकंच. चोरीमारी काही नव्हती. पण त्या खोलीत बसून ते ऐकताना माझे कान तापले होते.

सुधारणेला ९० दिवस मिळाले, म्हणजे १८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत.

पहिला विचार असा आला, की एक स्क्रिप्ट लिहावी आणि सगळ्या सर्व्हरवर खाती बनवून किंवा मोडून टाकावीत. दोन दिवस त्यात घातले. पण एखादा सर्व्हर त्या वेळी बंद असला की तो मागे राहणार, आणि पासवर्ड बदलायचे तर अकरा ठिकाणी बदलायचे, हे होतंच. नुसतं ओपनएलडॅप, म्हणजे खात्यांची मध्यवर्ती यादी, बसवायचाही विचार केला. त्यावर ओळख पटवणारं कर्बेरोस, प्रमाणपत्रं, कुणाला ॲडमिनची कुठली कामं करू द्यायची हे ठरवणारे सुडोचे नियम हे सगळं हाताने जोडावं लागलं असतं आणि माझ्या हाताखाली कुणी नाही. शेवटी फ्रीआयपीए ठरवलं. रेड हॅटच्या पाठबळावर चालणारा हा मुक्त प्रकल्प आहे. खात्यांच्या यादीसाठी ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, एमआयटी कर्बेरोस, प्रमाणपत्रांसाठी डॉगटॅग आणि हवं असेल तर मशिनच्या नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस, हे सगळं त्यात एकत्र बांधून मिळतं. दुसऱ्या बाजूला प्रत्येक सर्व्हरवर एसएसएसडी नावाची सेवा चालते आणि ती या मध्यवर्ती सर्व्हरला विचारून माणसाला आत घेते.

कर्बेरोस म्हणजे काय ते आमच्या शेठना मी कँटीनच्या कुपनावरून सांगितलं. सकाळी टाइम ऑफिसात कार्ड दाखवायचं, कुपन घ्यायचं. कँटीनवाला कार्ड मागत नाही, कुपन बघतो. कुपनावर वेळेचा शिक्का असतो, कालचं कुपन आज चालत नाही. हा शिक्का पुढे मला चांगलाच भोवला.

४ डिसेंबरला खरेदीची नोट टाकली. दोन जुनी पण नीट केलेली छोटी मशिन, १६ जीबी रॅमची, प्रत्येकी २१,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५०,७४०. अकाउंट्सचे काका म्हणाले, "सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणता, मग हे पन्नास हजार कसले?" आणि दोन कशाला, एक घ्या की. मी म्हटलं, काका, तिजोरीच्या किल्ल्या तुम्ही दोन का ठेवता? नोट पुढे सरकली, पण तीन कोटेशनांचा नियम काही सुटला नाही. तिसऱ्या दुकानदाराने लेटरहेडवर सही न करताच कागद पाठवला, तो परत गेला. मंजुरी आली २३ डिसेंबरला. एकोणीस दिवस. ज्यांच्याकडे जुनी मशिन पडून असतील त्यांनी एवढं थांबू नये. आमच्या आकाराच्या कंपनीला ४ जीबी रॅमही पुरली असती.

हे एकोणीस दिवस वाया गेले नाहीत, कारण खरं काम याच काळात झालं. मी अकराही सर्व्हरवरची पासवर्ड फाईल, म्हणजे खात्यांची यादी, घेऊन एका शीटमध्ये ओतली. नावं वेगवेगळी धरली तर ६३ खाती. एचआरच्या हजेरीपटावर संगणक वापरणारी माणसं २९. उरलेली ३४ कुणाची?

मॅडम आणि मी तीन दुपारी ती शीट घेऊन बसलो. काही खाती सोडून गेलेल्यांची निघाली. काही एकाच माणसाची, पण आडनावाचं स्पेलिंग तीन सर्व्हरवर तीन तऱ्हेचं. आमच्याकडे तेलुगू आडनावं बरीच, आणि मराठी कारकुनाने ऐकून लिहिलेलं इंग्रजी स्पेलिंग म्हणजे नशिबाचा खेळ. पाच खाती ईआरपी पुरवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची, त्यातली दोन कुणासाठी काढली हे त्यांनाच आठवेना. एक खातं 'टेस्ट' नावाचं, पासवर्डही तोच. आणि एक 'डिस्पॅच', ते तीन शिफ्टमध्ये मिळून सहा जण वापरायचे. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड नऊ जणांना ठाऊक होता. तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेलाही होता, माझ्याच अक्षरात.

त्यातच आणखी एक गोष्ट उघडी पडली, ती मला आधी कळायला हवी होती. लिनक्सला माणसाचं नाव ठाऊक नसतं, त्याला यूआयडी म्हणजे आकडा ठाऊक असतो. फाईलवर मालक म्हणून तो आकडाच लिहिलेला असतो. आमचा सगळ्यात जुना सर्व्हर सेंटॉस ६ या जुन्या लिनक्सचा, तिथे माणसांचे आकडे ५०० पासून सुरू होतात. नंतरच्या सर्व्हरवर १००० पासून. आणि प्रत्येक सर्व्हर ज्या क्रमाने खाती काढली त्या क्रमाने आकडे वाटत जातो. त्यामुळे १००३ म्हणजे बारकोडच्या सर्व्हरवर डिस्पॅचचा तो गेलेला मुलगा, डिझाइनच्या सर्व्हरवर आमचे अण्णा, आणि बॅकअपवर मी.

अण्णा बावीस वर्षं जॅकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइन करतात. त्यांची तक्रार जुनी होती. "साहेब, माझी फाईल बारकोडवाल्या मशिनवर दुसऱ्याच्याच नावानं दिसालीय बघा." मी दोन वर्षं त्यांना 'होतं कधीकधी' म्हणून वाटेला लावत होतो. डिझाइनचं फोल्डर एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटायच्या सोयीने, तिकडे जोडलेलं होतं, आकडा जसाच्या तसा जायचा आणि तिथलं नाव दाखवलं जायचं. म्हणजे तो गेलेला मुलगा कागदोपत्री आमच्या सगळ्या नव्या डिझाइनचा मालक झाला होता. अण्णांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "असूं दे की ओ, चहा सांगा."

३० डिसेंबरला पहिल्या मशिनवर अल्मालिनक्स ९ टाकलं आणि आयपीए सर्व्हरचं इन्स्टॉल चालू केलं. दोन मिनिटांत ते अडलं. होस्ट्स फाईलमध्ये, म्हणजे नावं आणि पत्त्यांच्या यादीत, मशिनचं नाव १२७.०.०.१ ला, म्हणजे 'मी स्वतःच' अशा पत्त्याला, बांधलेलं होतं, ते त्याला चालत नाही. स्वतःचा खरा पत्ता हवा आणि नावही डोमेनसकट पूर्ण हवं. आमच्या सर्व्हरची नावं 'सर्व्हर१', 'नवीन', 'नवीन२' अशी. मग अकराही जणांचं बारसं केलं. शेवटी डॉट लोकल लावायचा मोह आवरा. ते नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी राखलेलं आहे, नंतर भुताटकी होते. आम्ही कंपनीच्या स्वतःच्या डोमेनखाली एक आतला उपविभाग केला. नावं नीट झाल्यावर इन्स्टॉल अर्ध्या तासाच्या आत संपलं.

इन्स्टॉल करताना दोन पासवर्ड ठरवावे लागतात, एक ॲडमिनचा आणि एक डिरेक्टरी मॅनेजरचा. दुसरा रोज लागत नाही, म्हणूनच विसरला जातो. तो एका पाकिटात घातला, जोडावर सही केली आणि काकांच्या तिजोरीत ठेवला. शिवाय प्रत्येक सर्व्हरचं रूट खातं स्थानिकच ठेवलं, नव्या वेगवेगळ्या पासवर्डांसह. तेही पाकिटातच. ही सोय मोडू नका. सगळी दारं एका कुलपाला बांधली की ते कुलूप बिघडल्यावर आत जायला एक खिडकी लागतेच.

६ जानेवारीला दुसरं मशिन चिंचोळीला नेऊन रेप्लिका, म्हणजे पहिल्याची जुळी प्रत, म्हणून बसवलं. त्याच दिवशी गोदामातला सर्व्हर क्लायंट म्हणून, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरला विचारणारा म्हणून, जोडायला घेतला आणि कुपनाचा शिक्का आडवा आला. कर्बेरोसला दोन मशिनच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. गोदामातल्या सर्व्हरची मदरबोर्डवरची बॅटरी मेली होती. लाइट गेली की तो मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसायचा, आणि चिंचोळीत लाइट जातेच. वेळ बाहेरून घ्यावी तर आमच्याच फायरवॉलवर यूडीपी १२३, म्हणजे वेळ आणायची वाट, बंद. ते मीच केलेलं, कधी आणि का ते आठवत नाही. सीआर २०३२ ची बॅटरी घड्याळाच्या दुकानात पन्नास रुपयांना मिळाली. मग घड्याळ जुळवणारं क्रोनी बसवून मध्यवर्ती सर्व्हर एनआयसीच्या, म्हणजे सरकारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, वेळेला जोडला आणि बाकीचे त्याला. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी सर्ट-इनचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश कंपन्यांनाही लागू आहे. त्यात एनआयसी किंवा एनपीएल या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या नोंदी, १८० दिवस जपायला सांगितलं आहे. ऑडिटसाठी तो मुद्दाही त्यातच निघाला.

पुढचा आठवडा गड्ड्याच्या यात्रेचा. नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरची गर्दी, निम्मा कारखाना सुट्टीवर. मी शांतपणे एका चाचणी सर्व्हरवर नियम बसवत होतो आणि स्वतःलाच बाहेर काढून बसलो. फ्रीआयपीएमध्ये सुरुवातीला 'अलाउ ऑल' नावाचा एक नियम चालू असतो, कुणीही कुठेही येऊ शकतं. ऑडिटच्या दृष्टीने तो बंद करायलाच हवा. मी आधी तो बंद केला आणि मग नवा नियम लिहायला बसलो. क्रम उलटा. पासवर्ड बरोबर असूनही दार बंद. नशिबाने दुसऱ्या खिडकीत रूटचं सत्र उघडं होतं. तेव्हापासून कुठल्याही सर्व्हरला हात लावण्याआधी एक रूट सत्र उघडून ठेवतो आणि काम पूर्ण तपासल्याशिवाय ते बंद करत नाही. एचबॅकटेस्ट नावाची आज्ञाही आहे. अमुक माणूस अमुक सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, जाऊ शकेल का, हे ती नियम लागू करण्याआधी सांगते. मला ती नंतर सापडली.

नियम लिहिताना माणसापेक्षा गटाचा विचार करा. आम्ही डिझाइन, डिस्पॅच, अकाउंट्स, ईआरपीवाले आणि मी असे पाच गट केले. सुडोचे नियमही तिथेच. ईआरपीवाल्यांना त्यांची सेवा बंद-चालू करण्यापुरते अधिकार दिले. त्यांचा फोन आला, रूट नसेल तर सपोर्टची जबाबदारी आमची नाही. आठ दिवस मेलामेली झाली. शेवटी त्यांचं रूट मागणी आली की चालू, काम झालं की बंद, यावर मिटलं. आधी दोनदा महिन्यात लागणारं रूट त्यानंतर महिनाभर कुणी मागितलं नाही.

मुख्य स्थलांतरासाठी १७, १८ आणि १९ फेब्रुवारी हे तीन दिवस धरले. शनिवार, रविवार आणि सोमवारची शिवजयंती. मुदत रविवारी संपत होती. खरेदीदाराला आधीच मेल टाकून दोन दिवस मागून घेतले, त्यांनी एका ओळीत हो म्हटलं. मी उगीच आठवडाभर घाबरत होतो.

शनिवारी क्लायंट जोडले. घराचं फोल्डर आपोआप बनवण्याचा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर माणूस आत येतो आणि त्याला घरच नसतं. उबुंटूच्या दोन सर्व्हरवर तो पर्याय पॅमच्या, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेच्या, सेटिंगमधून वेगळा चालू करावा लागला. नवं खातं चालण्यासाठी त्याच नावाचं जुनं स्थानिक खातं काढून टाकावं लागतं, आणि मग फायलींचे आकडे बदलणं आलंच.

फ्रीआयपीए आपले आकडे फार वरून वाटतं, दोन लाखांचा एक पट्टा कुठूनतरी उचलून. आमच्या अण्णांचा आकडा झाला १२८४६००००३. त्याचा फायदा असा, की जुन्या कुठल्याही आकड्याशी टक्कर होत नाही आणि फाइंड या आज्ञेने फायली शोधून मालक बदलत जाता येतं. मी प्रत्येक सर्व्हरसाठी जुना आकडा, नवा आकडा असा तक्ता छापून भिंतीला चिकटवला होता. तरी डिझाइनच्या सर्व्हरवर चूक झालीच. त्याच डिस्कपुरतं राहा, हे फाइंडला सांगायचं मी विसरलो. ते जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कमध्ये शिरलं आणि तिथल्या १००३ च्या, म्हणजे माझ्या, फायली अण्णांच्या नावावर करत सुटलं. रात्री अकराला लक्षात आलं. सुरुवात करण्याआधी सगळ्या फायलींची मालकांसकट यादी काढून ठेवली होती म्हणून वाचलो. यादीवरून उलट फिरवायला पहाटेचे चार वाजले. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात होती, बाहेर जायची गरज पडली नाही. सोमवारी दुपारी मिरवणुकीचे ढोल लांबून ऐकू येत होते आणि मी शेवटचा सर्व्हर तपासत होतो. सेंटॉस ६ चा म्हातारा जोडलाच नाही. त्याला नेटवर्कमधून वेगळं काढलं, फक्त वाचण्यापुरता ठेवला.

संध्याकाळी एक परीक्षा मुद्दाम घेतली. दोन्ही मध्यवर्ती मशिन बंद केली आणि माझ्या खात्याने आत जाऊन पाहिलं. गेलो. जो माणूस त्या सर्व्हरवर आधी एकदा आलेला असतो, त्याची खूण एसएसएसडी जपून ठेवतं. जो कधीच आला नव्हता, त्या चाचणी खात्याला मात्र प्रवेश मिळाला नाही. हे आधी बघून ठेवलं की रात्री झोप लागते.

मंगळवारी, २० फेब्रुवारीला सकाळी सगळ्यांना तात्पुरते पासवर्ड चिठ्ठीवर दिले. पहिल्या लॉगिनला ते बदलावेच लागतात. दुपारपर्यंत २९ पैकी २७ जण आत होते. ओरड झाली ती डिस्पॅचमधून. एक सामायिक खातं जाऊन सहा झाली होती आणि शिफ्ट बदलताना लॉगआउट कोण करणार, हा वाद आठवडाभर चालला. तो मी सोडवला नाही. सुपरवायझरनी सोडवला, आरडाओरडा करून.

इथे लेख संपला असता. पण २० मे आला. सोमवार, सकाळी नऊ, बाहेर रणरणतं ऊन, आणि एकामागून एक फोन. कुणालाच आत जाता येईना. काहींना पासवर्ड बदला असं दिसत होतं, ते बिचारे घाबरून मला विचारत होते. फ्रीआयपीएमध्ये पासवर्डची मुदत मूळचीच ९० दिवसांची असते, आणि सगळ्यांनी एकाच दिवशी बदलला होता. माणसांचं तासाभरात आटोपलं. पण रात्री लेबलांची फाईल उचलणारी एक स्क्रिप्ट होती, तिच्यात पासवर्ड लिहून ठेवलेला. तिला कोण सांगणार बदल म्हणून? रविवारी रात्रीची फाईल बारा वाजण्याआधी निघाली होती म्हणून त्या दिवशीचा कंटेनर थांबला नाही. दुपारी त्या खात्यासाठी वेगळा गट, वेगळं धोरण केलं आणि पासवर्डऐवजी एसएसएच की नावाची किल्लीची फाईल बसवली. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. आणि खाती दोन-तीन तुकड्यांत चालू करा, म्हणजे मुदतही तुकड्यांत संपेल.

जूनमध्ये सेंटॉस ७ चे अपडेट ३० तारखेला बंद होणार होते म्हणून चार सर्व्हर नव्याने टाकले. खाती पुन्हा काढायची नव्हती, प्रत्येकी एक आज्ञा आणि झालं. त्याच महिन्यात डिस्पॅचमधला एक जण नोकरी सोडून पुण्याला निघाला. आता एचआरच्या ना-देय फॉर्मवर माझ्या सहीचा रकाना आहे. साडेपाचला फॉर्म आला, मी त्याचं खातं बंद केलं, सही केली. सहा वाजता बघतो तर तो अजून बारकोडच्या सर्व्हरवर काम करतोय. खातं बंद केलं तरी उघडं असलेलं सत्र तुटत नाही, ते हाताने तोडावं लागतं.

जाऊन पाहिलं तर शेवटची पॅकिंग लिस्ट पुरी करत होता. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. पावणेसातला त्याने लॉगआउट केलं, आणि मग उगीच गंमत म्हणून पुन्हा लॉगिन करून पाहिलं.

"नाही घेत बघा साहेब," तो म्हणाला आणि गळ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं.